जुन्या गाडीचं मूळ रूप आणि कायक

खंडेनवमीला भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात दारापुढची प्रत्येक गाडी धुऊनपुसून उभी राहते. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, बंपरला लिंबू-मिरची. शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवशी आयुधपूजा. नांगर, वजनकाटा, शिवणयंत्र, पाने-पकडी यांच्या रांगेत मोटार येऊन बसली त्याला आता काही पिढ्या लोटल्या. ज्याच्यावर पोट चालतं, ज्याच्यामुळे काम उरकतं, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत यात समजायला अवघड काही नाही. अवघड होतं ते एका वेगळ्या गाडीच्या बाबतीत. वीस-बावीस वर्षांची मारुती ८०० किंवा महिंद्राची जुनी जीप, तीन-चार मालकांच्या हातून गेलेली. कुणीतरी ती भंगाराच्या भावात घेतो आणि गॅरेजला न लावता रविवारी, सणासुदीच्या सुट्टीत, स्वतःच्या हातानं एकेक भाग उतरवून पुन्हा उभी करतो. इंजिनचं काम झालेलं, दोन दरवाजे दुसऱ्या गाडीचे, रंग नवा, सीट नव्या. या माणसाचं तिच्यावाचून अडलेलं नसतं. कामाला जायला त्याच्याकडे दुसरं वाहन असतं. मग नवमीला तो हार घालतो तो नेमका कशाला? कंपनीतून निघालेली गाडी तर आता फारशी उरलेलीच नाही. आणि पत्र्याच्या एका वस्तूत इतका जीव गुंतवणं याला साधना म्हणायचं की मोह?

प्रश्न छंदाचा आहे म्हणून तो हलका मानायचं कारण नाही. वस्तूला तिचं स्वतःचं असं काही असतं का, मालकी कशातून येते, हाताच्या कामाचा धर्माशी संबंध काय, हे तिन्ही प्रश्न बिदर-कलबुर्गीच्या भूमीवर फार जुने आहेत, आणि इथल्या माणसांनी त्यांची उत्तरं शोधताना आयुष्यं वेचली आहेत. माझं म्हणणं असं आहे की जुनी गाडी उभी करण्याचं मोल ती ‘मूळ रूपात’ परत येते यात नाही, कारण असं एकच एक मूळ रूप नसतंच. मोल आहे ते जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही खरं काम करण्यात, आणि त्या कामाचं फळ एकट्यानं न खाण्यात. या दोन गोष्टी असतील तर त्या उद्योगाला बसवण्णांच्या शरणांच्या अर्थानं कायक, म्हणजे कामातूनच घडणारी साधना, म्हणता येईल. नसतील तर तो मोहच, मग गाडी कितीही चकचकीत निघो.

आधी कामाकडे नीट पाहू. जुन्या गाडीचा खरा इतिहास बॉनेटखाली कमी आणि पायाखाली जास्त असतो. पुढची सीट काढून, मॅट उचलून, तिच्याखालचा नमदा बाजूला केला की तळाचा पत्रा दिसतो. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी त्या नमद्यात मुरून राहतं आणि वरून सगळं कोरडं दिसत असताना खाली पत्रा गंजत जातो. आपल्याकडची काळी माती खालून तेच काम करते. पावसाळ्यात मडगार्डच्या आत तिचे थर बसतात आणि वरून वाळले तरी आतून ओल धरून राहतात. पेचकसाचं टोक दाबलं की काही ठिकाणी ते सरळ आरपार जातं. आता दोन वाटा असतात. एक म्हणजे भोकावर जाळी लावायची, वर पुट्टी भरायची, घासून सारखी करायची, रंग मारायचा आणि मॅट अंथरायची. दुसरी म्हणजे गंजलेला पत्रा ठणठणीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचा, मापाचा नवा तुकडा बेतून वेल्डिंग करायचं, सांधा ग्राइंडरनं घासायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, खालून कोटिंग करायचं. पहिलं एका दुपारचं काम, दुसऱ्याला आठवडे जातात. मॅट टाकल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. रस्त्यावर कुणालाही फरक कळणार नाही, विकत घेणाऱ्यालाही बहुधा नाही. कळतो तो फक्त करणाऱ्याला, आणि एखाद्या अपघातात त्या तळाच्या भरवशावर बसलेल्याला. या छंदाचा सगळा नैतिक प्रश्न मला त्या मॅटखाली दिसतो. रंग कोणता, चाकं कोणती, स्टिअरिंगला कातडं कसलं, हे सारं नंतरचं.

मूळ रूपाचा प्रश्न मात्र आधी सोडवायला हवा, कारण जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये त्यावर सगळ्यात जास्त निष्ठा असते. बौद्ध परंपरेत भिक्षू नागसेन आणि ग्रीक राजा मिलिंद यांचा संवाद प्रसिद्ध आहे. राजा रथातून आला होता. नागसेनानं त्याला विचारलं, तुझा रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं? साटा? जू? प्रत्येक भागाला राजा ‘नाही’ म्हणत गेला, आणि सगळे भाग बाजूला केल्यावर रथ असा वेगळा कुठेच सापडला नाही. ‘रथ’ हे या भागांच्या आधारानं आपण वापरतो ते व्यवहाराचं नाव, असं शेवटी राजानंच मान्य केलं. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाचं कोडं होतं: एकेक फळी बदलत गेलेलं जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात भर घातली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून दुसरं जहाज बांधलं तर थीसियसचं जहाज कोणतं? तत्त्वज्ञांना हा कल्पनाविलास वाटला असेल. सुट्या भागांच्या बाजारात हे रोज घडतं. कापलेल्या एका गाडीचा गिअरबॉक्स एका गावाला जातो, दरवाजे दुसऱ्या गावाला, आणि ज्या गाडीत ते बसतात तिचे जुने भाग आणखी तिसरीकडे. तिथे उभं राहून कुठली गाडी कुठे संपली हे सांगणं नागसेनालाही जमलं नसतं, आणि त्याचा मुद्दा तोच होता.

कायद्यानं हे कोडं आपल्या पद्धतीनं सोडवलं आहे. त्याच्या लेखी गाडी म्हणजे चासी नंबर आणि त्याच्याशी जुळणारं आरसी बुक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार कंपनीनं ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली हेच ठामपणे सांगितलं. २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या, ऐतिहासिक म्हणता येतील अशा गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी असेल तरच तिला तो मान आणि वेगळा नंबर मिळतो. म्हणजे सरकारी व्याख्येत मोठेपण न बदलण्याला आहे. व्यवहाराला कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला मान्य आहे. पण ही रेघ सोयीसाठी मारलेली आहे. पन्नास वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी आणि पन्नास वर्षं माणसं, तुरीची पोती, आजारी म्हातारी नेत दर पावसाळ्यानंतर दुरुस्त होत आलेली गाडी, यांतली पहिलीच खरी, असं त्या रेघेवरून ठरत नाही.

मूळ रूपाच्या आग्रहाला सगळ्यात चांगलं उत्तर सन्नतीनं दिलं आहे. भीमेच्या काठचं हे गाव कलबुर्गी जिल्ह्यात चितापूरच्या बाजूला. चंद्रलांबा देवीचं हे ठाणं अनेक मराठी घरांचं कुलदैवत आहे. १९८६ साली तिथल्या कालिकेच्या देवळाचं छत कोसळलं. राडारोडा उपसताना देवीची मूर्ती ज्या शिळेवर बसवली होती तिच्यावर ब्राह्मी अक्षरं दिसली, आणि ती सम्राट अशोकाच्या आदेशांची निघाली. ज्या काळी ती शिळा उचलून पीठ म्हणून वापरली गेली, त्या काळी ती अक्षरं वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मूर्ती बसवण्यासाठी मधोमध खाच पाडली, तिच्यात काही अक्षरं गेली. आणि देवीखाली सुरक्षित राहिली म्हणून बाकीची वाचली. आता या दगडाचं मूळ रूप कोणतं? अशोकाचा आदेश? मग देवीनं वापरलेली शतकं काय खोटी होती? देवीचं पीठ? मग आदेशाचं काय? आणि त्याही आधी तो नुसता एक खडक होता. ‘मूळ’ म्हणून आपण जे दाखवतो तो वस्तूच्या लांबलचक आयुष्यातला आपण निवडलेला एक क्षण असतो. शोरूमच्या दारातून बाहेर आलेली मारुती हा तसाच एक क्षण. तो निवडायला हरकत नाही, पण तो निसर्गानं आखून दिलेला आहे असं समजू नये. सन्नतीची शिळा दुसरीही एक गोष्ट शिकवते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. नव्या वापरासाठी खाच पाडताना जुनी अक्षरं जातात. वस्तूला नवं आयुष्य देणाऱ्याच्या हातून तिचा पुरावाही पुसला जाऊ शकतो, आणि त्याला ते कळतही नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गाडीला स्वतःचं असं काही नाही, ती नुसती भागांच्या आधारानं वापरलेली संज्ञा आहे, असं म्हटलं तर चोरीच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा चासी नंबर ठोकणाऱ्यानं तरी काय वाईट केलं? बुडालेल्या गाडीला रंग देऊन ‘एका हातची’ म्हणून विकणाऱ्यानं काय वाईट केलं? उत्तर असं की संज्ञा व्यवहाराची आहे म्हणूनच तिच्याशी खेळणं हा गुन्हा आहे. दगड दगड आहे हे माझ्या खोटं बोलण्यानं बदलत नाही. गाडीची ओळख मात्र लोकांनी एकमेकांवर ठेवलेल्या विश्वासावरच उभी असते. हा विचार बसवकल्याणला परका नाही. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या दरम्यान, कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तीत त्यानं एक मूलभूत प्रश्न घेतला: स्वत्व, म्हणजे मालकी, शास्त्रातून कळते की लोकव्यवहारातून? त्याचा कौल लोकव्यवहाराच्या बाजूनं आहे. त्यासाठी त्यानं दिलेला पुरावा सीमाभागात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. दूरच्या टोकाला राहणारे, शास्त्र कधी न पाहिलेले लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात आणि आपलं-परकं ओळखतात, तेव्हा मालकी ही लोकांतलीच गोष्ट आहे, असा त्याचा युक्तिवाद. हा कौल मोटारीला लावून पाहा. मालकी लोकांच्या मान्यतेतून येत असेल तर ‘माझी गाडी, माझी मर्जी’ हे वाक्य अर्धंच खरं ठरतं. ज्यांच्या मान्यतेमुळे ती माझी आहे, त्यांचंही मी काही देणं लागतो.

मूळ रूपाच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे एक भक्कम पुरावा आहे, आणि तो बिदर शहराच्या मध्यभागी उभा आहे. बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा १४७२ साली उभा राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात (काही जण वीज पडली असं सांगतात) त्याचा मोठा भाग ढासळला. समोरच्या दोन मिनारांपैकी एकच उरला, आणि दर्शनी भिंतीवरच्या रंगीत चिनी टाइल्सपैकी काहीच. दुसरा मिनार पुन्हा बांधणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हतं. पुरातत्त्व खात्यानं तो बांधला नाही, आणि योग्यच केलं. त्या खात्याचा तेव्हाचा प्रमुख जॉन मार्शल यानं १९२३ साली घालून दिलेल्या संधारणाच्या नियमावलीचं धोरणच असं की पडलेलं सावरावं, गेलेलं कल्पनेनं पुन्हा घडवू नये. नवा मिनार म्हणजे आज बांधलेली एक सुबक लबाडी झाली असती. मग हाच न्याय गाडीला का लावू नये? कारण मदरसा आता साक्षीदार म्हणून उभा आहे. त्याच्या भिंतीत आज कुणी शिकत नाही. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नयेत. गाडी मात्र जोवर रस्त्यावर आहे तोवर तिच्यात माणसं बसतात, आणि गंजलेला ब्रेक पाइप मूळचा आहे म्हणून ठेवणं हा गुन्हा आहे. मार्शलनंही वापरात असलेल्या देवळा-मशिदींसाठी अपवाद मानला होता. देशात एखादं दुसरंच उरलेलं मॉडेल असेल तर ते मदरशाच्या बाजूला मोडेल, त्याला हात लावताना दहादा विचार करावा. गल्लीबोळांत हजारोंनी फिरणाऱ्या मारुती ८०० बद्दल, जी डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तीस वर्षं बनत राहिली, असा सोवळेपणा पाळायची गरज नाही.

आता मुख्य प्रश्न. हे काम साधना होऊ शकतं का? बाराव्या शतकात कल्याणमध्ये बसवण्णा आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांनी जगाच्या धर्मविचारात फार थोड्यांनी केलेली गोष्ट केली. दोर वळणारा, नाव चालवणारा, कपडे धुणारा, चांभारकाम करणारा यांना त्यांनी अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, त्यांच्या त्यांच्या धंद्याच्या नावानं बसवलं. नुलिय चंदय्या, अंबिगर चौडय्या, मडिवाळ माचय्या या नावांतच त्यांचं काम आहे. चंदय्याबद्दल कथा सांगतात की गवत कापताना त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग पाण्यात पडलं आणि हातातलं काम टाकून ते उचलायला त्यानं नकार दिला. लिंगायत परंपरेत इष्टलिंग अंगावेगळं होणं ही केवढी गोष्ट आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच या कथेचा धक्का कळेल. काम ही पूजेची तयारी नव्हे, बक्षीस मिळवायचा मार्गही नव्हे. कामाच्या जागीच कैलास आहे, असं ती कथा मानते. याच कारणानं खंडेनवमीच्या हाराला मी या चर्चेत फार वजन देत नाही. मूर्तीपुढे, दगडी देवळापुढे उभं राहण्याबद्दल शरणांना शंका होत्या. पाना-पकडीपुढे उदबत्ती लावण्याबद्दलही त्यांना फारसं कौतुक वाटलं नसतं. पाना हातात घेऊन केलेल्या कामाबद्दल मात्र त्यांना नक्की विचारावंसं वाटलं असतं: सांधा नीट बसला का?

यावर आक्षेप उघड आहे. शरणांचं कायक पोटासाठी होतं. चंदय्याचा दोर विकला नाही तर चूल पेटत नसे. पगार घेऊन रविवारी गाडी खोलणाऱ्या बँकेतल्या कारकुनाची त्याच्याशी बरोबरी कशी होईल? हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा मी सोडणार नाही. कायकाला दासोहाची जोड होती. जे कमावलं त्यातलं आपल्यापुरतं ठेवून उरलेलं समाजाच्या पंगतीत घालायचं, ही त्याची दुसरी बाजू. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून त्यावर जंगमांना जेवू घालायचा. एके दिवशी त्यानं नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची बायको लक्कम्मा हिनं त्याला खडसावून जादाचे तांदूळ परत टाकायला पाठवलं, अशी कथा आहे. या बाईच्या कसोटीला आजचे किती शौकीन उतरतील? एक गाडी नीट होते न होते तोच दुसरी अंगणात येऊन पडते, मग तिसरी. टायर, बंपर, कार्बोरेटर यांचे ढीग साचतात. कामापेक्षा साठा मोठा होतो. तिथे लक्कम्मानं परतच पाठवलं असतं. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा मला पटत नाही. ज्या काळात बहुतेक सुशिक्षित माणसांचं पोटाचं काम पडद्यावरच्या आकड्यांपुरतं उरलं आहे, त्या काळात हाताला कळणारं, चुकलं तर लगेच दाखवून देणारं काम पोटापलीकडे शोधावं लागतं. बोल्टचा आटा गेला तर तो कुणाच्या पदाकडे, जातीकडे, भाषेकडे पाहत नाही. कारकुनाला पाना हातात धरून काळ्या तेलात कोपरापर्यंत हात घालावा लागतो. ज्या समाजानं तेलकट हातांना शतकानुशतकं खालच्या पंगतीला बसवलं, त्यात ही गोष्ट लहान नाही. त्यानं मिस्त्रीशेजारी बसून शिकावं आणि त्याला उस्ताद म्हणावं, यात अनुभवमंटपाचा थोडा तरी अंश आहे.

याहून अवघड आक्षेप शरणांच्या परंपरेतूनच येतो, आणि तो सोलापूरच्या सिद्धरामावर शरण अल्लमप्रभूंनी घेतलेला आहे. सिद्धरामानं सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदलं, लिंगं स्थापली, गाव वसवलं. मराठी भक्त आजही संक्रांतीला त्याच्या यात्रेत नंदीध्वज मिरवतात. पंधराव्या शतकात रचलेल्या ‘शून्यसंपादने’त प्रसंग येतो की अल्लमप्रभू तिथे आले आणि या थोर कर्मयोग्याला त्यांनी माती उपसणारा म्हणून हिणवलं. लोकोपयोगी, निःस्वार्थ, प्रचंड काम. तरीही अल्लमांना त्यात एक गाठ दिसली. हे मी केलं, हे माझं, ही गाठ. तळ्यासारख्या कामालाही जर ही गाठ पडते, तर आपल्या अंगणातल्या, आपल्याच रंगाच्या, आपल्याच नावाची अक्षरं काचेवर लावलेल्या गाडीचं काय? मोहाचा आरोप याहून नेमका कुणी करू शकणार नाही. मी तो उडवून लावत नाही. फक्त पुढचं घडलेलं लक्षात आणून देतो. अल्लमांनी तळं बुजवायला सांगितलं नाही. सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला आला, आणि परंपरा सांगते की अल्लमप्रभू आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर शून्यसिंहासनावर, म्हणजे अनुभवमंटपाच्या मुख्य आसनावर, तोच बसला. काम करणारा हातच त्या आसनापर्यंत पोचला. मधे गळून पडली ती मालकीची गाठ. गाडीच्या बाबतीत ती गाठ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ती गाडी दुसऱ्याच्या हाती देताना काय होतं? शेजाऱ्याच्या बाळंतपणाला रात्री बेरात्री किल्ली देववत नसेल, मुलाला तिच्यावर शिकू देववत नसेल, ओरखडा आला तर घरात दोन दिवस अबोला होत असेल, तर अल्लमांचा शब्द लागू झाला असं समजावं. हे मी कठोरपणे म्हणतो, कारण या छंदात सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं होत नाही. घरातल्या माणसांचा वाटा पत्र्याला जातो, ते खरं नुकसान.

दोन आक्षेप राहिले, त्यांची उत्तरं थोडक्यात देतो. घरी काम केल्यानं मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो, असं म्हणतात. अनुभव उलट सांगतो: ज्या गाड्या गॅरेजवाला आणि मालक दोघांनीही सोडून दिल्या होत्या त्याच या छंदात येतात, आणि लेथ, बोअरिंग, डेंटिंग यांसाठी शेवटी कारागिराकडे जावंच लागतं. दुसरा आक्षेप धुराचा. तो खरा आहे. कार्बोरेटरची जुनी गाडी आजच्या बीएस-६ गाडीच्या शेजारी उभी करायच्या लायकीची नाही. चालू अवस्थेतली वस्तू मोडून नवी बनवायलाही पोलाद आणि वीज लागते, हे म्हणणं योग्य असलं तरी रोज पन्नास किलोमीटर धूर सोडत फिरायला ती सबब पुरत नाही. अशी गाडी कमी चालवावी, ट्यूनिंग चोख ठेवावं, आणि पीयूसी विकत न घेता खरी तपासणी करून घ्यावी.

राहता राहिलं गाडीला आपलं रूप देणं. शुद्धतावाद्यांना ते पाप वाटतं, हौशी तरुणांना तेच सर्वस्व. सन्नतीच्या शिळेनंतर आपली खूण उमटवण्यात मला पाप दिसत नाही. आपल्या भागात गाडीच्या मागच्या काचेवर एकाच वेळी कन्नडमध्ये बसवेश्वर आणि मराठीत आईवडिलांचा आशीर्वाद लिहिलेला असतो. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी ज्या भूमीत मराठी, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांत पदं रचली, त्या भूमीला हे शोभतं. रंग निवडावा (आरसीवर त्याची नोंद करून), सीटचं कापड आपल्या हातानं शिवावं, डॅशबोर्डला जुन्या सागवानाची पट्टी लावावी. प्रश्न सुरू होतो तो आपली खूण दुसऱ्याच्या अंगावर उमटते तेव्हा. सायलेन्सर कापून रात्री गावातून गेलेली गाडी झोपलेल्या लेकरावर आपलं नाव लिहून जाते. डोळे दिपवणारे एलईडी समोरच्या दुचाकीवाल्याला खड्ड्यात घालतात. रुंद टायर मडगार्डला घासतात, उंची कमी केलेली गाडी वळणावर दगा देते. इथे विज्ञानेश्वराचा लोकव्यवहार आणि शरणांचा दासोह एकाच बाजूला उभे राहतात, आणि कलम ५२ नसतं तरी माझं मत बदललं नसतं. याच न्यायानं मीटर मागे फिरवणं मी धुराहून मोठा अपराध मानतो. धूर डोळ्यांना दिसतो. मागे फिरवलेलं मीटर म्हणजे गाडीच्या आयुष्यातली खोडलेली अक्षरं. पुढचा माणूस टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, ब्रेक कधी उतरवायचे, हे त्या आकड्यावरून ठरवतो.

म्हणून हा छंद असणाऱ्यांना एकच विनंती आहे. पहिला बोल्ट सैल कराल त्या दिवशी साध्या दोनशे पानी वहीत पहिली नोंद करा. कोणता भाग काढला, त्याच्या जागी कुठला घातला, तो नवा की कापलेल्या गाडीचा, वेल्डिंग कुठे केलं, पुट्टी कुठे भरली, मीटर त्या दिवशी किती होतं, काय मनासारखं झालं नाही आणि तसंच सोडावं लागलं, हे सगळं त्यात लिहा. मॅट अंथरण्याआधी तळाचा फोटो काढून चिकटवा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, मिस्त्रीला वाचता येईल अशा भाषेत लिहा. आणि गाडी विकाल त्या दिवशी आरसी बुक आणि दोन्ही किल्ल्यांबरोबर ती वही घेणाऱ्याच्या हातात द्या, भाव दोन हजारांनी कमी आला तरी.